अंगणातला टँगो

नवऱ्याच्या सदऱ्याचं दुसरं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं – बरोबर तिच्या डोळ्यांसमोर, कारण ते उंच आणि ती त्यांच्या छातीशी येणारी, आणि एवढ्या जवळ उभं राहिलं की बटणाखेरीज दुसरं काही दिसतच नाही… आज टाका घालू, असं राहीबाईनं सोमवारी ठरवलं होतं, मंगळवारीही ठरवलं होतं, आणि आज गुरुवार. बटण थरथरत होतं. बटणच काय, सदरा, सदऱ्यातला माणूस, त्या माणसाचा डावा हात आणि त्या हातात दिलेला तिचा उजवा हात, सगळंच थरथरत होतं, आणि ती थरथर तिच्या मनगटातून वर चढून कोपरापाशी थांबत होती. त्याच्या पुढे ती तिला येऊ देत नसे. कशी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"चला," ती म्हणाली.

ओट्यावर तांब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाईलमध्ये गाणं लागलं होतं. आधी त्या पेट्या – भजनातल्या पेटीची बहीण म्हणावी अशी, पण भाता मधोमध आणि बटणं दोन्ही अंगांना, आणि वाजवणारे तिघं ती मांडीवर घेऊन बसलेले, झोपेला आलेलं मूल घेऊन बसावं तसे. मग उभं माणसाएवढं व्हायोलिन. मग तो गाणारा, तेल लावून केस चापून बसवलेला, जाडजूड, मूठ आवळून गाणारा. बघायला वेळ नव्हता, पण आता बघावं लागतही नव्हतं. कोणत्या ठोक्याला कोण वाजवतं ते तिला पाठ झालं होतं. तिनं उजवा पाय मागे टाकला, आणि समोरचा तो मोठा, सुजलेला, इतका वेळ जमिनीला डिंकानं चिकटवल्यासारखा पाय उचलला गेला. एक. मग दुसरा. ओट्यापासून फाटकापर्यंत बावीस पावलं होती.

कंपवात – नगरच्या डॉक्टरांनी हे नाव सांगितलं त्याला आता दोन वर्षं झाली. हात कापतो याचं तिला काही वाटलं नव्हतं, म्हाताऱ्या माणसाचे कापतातच. पण पुढे पाय अडायला लागले. उंबऱ्यात, मोरीच्या तोंडाशी, कधी नुसत्या सपाट जमिनीवर मध्येच – पाय उचलायचेच नाहीत, माणूस पुतळ्यागत उभा, आणि कोणी ओढलं तर सरळ तोंडावर. दोनदा पडले. मग चाकणहून सुनीलनं, म्हणजे मुलानं, फोनाफोनी करून व्यायाम करून घेणारी एक मुलगी गाठली. ज्योती तिचं नाव. दर मंगळवारी आणि शनिवारी श्रीगोंद्याहून स्कूटीवर यायची, चहाला नाही म्हणायची आणि दोन कप प्यायची. तिनंच ती काळीपांढरी फिल्म दाखवली.

"मावशी, काकांच्या डोक्यातली चालायची वाट बंद होत चाललीय," ती म्हणाली होती. "पण ठेक्याची वाट वेगळी असते. गाणं लागलं की पाय उचलतात. बाहेरच्या देशांत दवाखान्यांत असं करतात. आणि त्याला सगळ्यात चांगला हा नाच, टँगो, अर्जेंटिनातला. यात उड्या नाहीत, गिरक्या नाहीत, नुसतं चालायचं. काका पुढे येणार, तुम्ही मागे जायचं."

"मागं तर मी जल्मभर चालले, बाई."

"तसं नाही हो! त्यांच्याकडे तोंड करून. उलट्या पावलांनी."

आणि ज्योतीनं तिला उभं केलं, तिचा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला, त्यांचा हात तिच्या पाठीवर – दिवसाउजेडी, उघड्या अंगणात, कारखान्याकडे जाणारा रस्ता वीस हातांवर असताना! राहीबाईच्या कानांतून वाफा निघाल्या. बेचाळीस वर्षांत उजेडात या माणसाचा हात तिच्या अंगाला लागला तो… जाऊ दे. पदर ओढून घेतला आणि पहिले आठ दिवस ती जमिनीकडे बघत चालली. शेजारची आक्काबाई कुंपणावरून ओरडली होती, "या बया! राहे, आता ह्या वयात?" आणि हसता हसता खोकत सुटली होती. मग आक्काबाईलाही सवय झाली. आता ती नुसती विचारते, झाला का गं नाच.

पण सवय न झालेली गोष्ट निराळीच होती. बेचाळीस वर्षं ती ह्यांच्या मागून चालली – बाजाराला, लग्नाला, मयतीला, चार पावलं अंतर ठेवून. ह्यांची पाठ तिला अशी ठाऊक होती की अंधारात शंभर पाठींतून काढून दिली असती. मान आखडली म्हणजे काय, उजवा खांदा वर गेला म्हणजे घरी गेल्यावर काय… सगळं पाठीवर लिहिलेलं असायचं आणि ती वाचत वाचत चालायची. चेहरा बघायची वेळच आली नव्हती. चेहरा समोर आला की आपण मान खाली घालायची. आणि आता, उलटी चालताना, बावीस पावलं जाताना आणि बावीस येताना, रोज तो चेहरा समोर – आणि नेमका आता तो चेहरा काही सांगेनासा झालेला! रोगानं तो पुसून टाकला होता. ना राग, ना हसू, पापणीसुद्धा सावकाश पडायची. आतला माणूस कुठं आहे, आहे का तरी, काही कळायला मार्ग नाही. बघायला मिळालं ते असं.

दुपारी ते झोपले की ती ती फिल्म एकटी बघायची. कारण व्यायामाचंच द्यायची, स्वतःलासुद्धा. एक मोठं दालन, भिंतीला लागून टेबलं, मधे नाचणारी ती दोघं. पुरुष सुरकुतलेला, सूट घातलेला. बाई चाळिशीची, पाठ उघडी, आणि तिचे डोळे मिटलेले. पहिल्यापासून शेवटपर्यंत मिटलेले! उलट्या पावलांनी जाते, मागे भिंत आहे का टेबल आहे बघत नाही, आणि डोळे मिटून जाते. राहीबाईला आधी वाटलं, आंधळी असेल. ज्योतीला विचारलं तर ती हसली. "आंधळी नाही मावशी. विश्वास आहे तिचा त्याच्यावर." मग आपल्यालाच काही सुचल्यासारखं म्हणाली, "तसं बघितलं तर फिल्ममध्ये तो चांगला माणूस नाहीये. सोडून जातो तिला. म्हातारपणी परत येतो तेव्हाचा हा नाच."

आणि गाण्यात काय म्हणतोय? ज्योतीनं मोबाईलवरच अर्थ काढून वाचून दाखवला होता. तो म्हणतो, मी तुझी गल्ली विसरलो, तुझं दार विसरलो, मी तुला काय काय बोललो तेही विसरलो, फक्त तुझ्या टाचांचा आवाज तेवढा राहिलाय. "किती छान आहे ना!" ज्योती म्हणाली. राहीबाईनं चहाचे कप उचलले. तिला एवढंच वाटलं की बरं आहे याचं. हा विसरला म्हणून मूठ आवळून रडायला मोकळा, मागे पेट्या वाजवायला तिघं. त्या बाईला काय काय आठवतं ते कोणी विचारलं का? ती आपली डोळे मिटून चालतेय. कदाचित विश्वासबिश्वास काही नसेल. कदाचित तिला बघायचंच नसेल.

फाटक आलं. आता वळायचं – वळण अवघड, ज्योती म्हणते वळताना घाई नको, जागच्या जागी पावलं. तिचा उजवा हात वळला नाही. तो पूर्ण वळतच नाही. तळवा आभाळाकडे करायचा म्हटलं तर अर्ध्यावर अडतो. हळदीकुंकवाला कोणी ओटी भरायला आली की ती म्हणूनच दोन्ही हातांनी पदर पसरते, कोणाच्या लक्षात येत नाही.

ज्योतीच्या लक्षात आलं. याच मंगळवारी. हाताची पकड नीट करताना तिनं मनगटावर बोटं फिरवली. "हे कधी मोडलेलं, मावशी? नीट बसवलं नाही कोणी."

"घसरले हुते," राहीबाई म्हणाली. अगदी सहज, चहात साखर किती विचारावं आणि सांगावं तसं. "धुन्याच्या दगडावर. शेवाळं हुतं."

आणि बोलून झाल्यावर तिनं त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हे वाक्य तिनं त्यांच्या तोंडाकडे बघत म्हटलं होतं. काही नाही. पापणी सावकाश पडली आणि उघडली. रोग होता की लबाडी होती की… जाताना फाटकापाशी ज्योती हळू आवाजात म्हणाली होती, "मावशी, आता विसरणंही वाढत जाईल. काल-परवाचं आधी, मग जुनं. त्यांच्याशी जे काही बोलायचं राहिलं असेल ना, ते बोलून घ्या." पोरीला मायेचं बोलणं म्हणायचं होतं. बिचारी.

अठ्ठावीस वर्षं. तेव्हा ते कारखान्यात फिटर होते. फोरमन चहाला आला होता आणि त्यानं गंमत म्हणून सांगितलं की तुमच्या मालकांनी परवा भलताच नट सोडला, वाफ अशी सुटली की सगळी शिफ्ट धोतर सांभाळत पळाली. ती हसली. एवढंच. पदर तोंडाशी न नेता, दात दिसतील अशी हसली. फोरमन गेला, त्याच्या गाडीचा आवाज वळणाआड गेला, आणि मग ह्यांच्या पिशवीतला मोठा पाना… तिनं तोंड वाचवायला हात वर केला होता. आवाज ऐकू आला आधी, आणि दुखलं नंतर. मग तो गप्प झाला, एकदम, भूक भागल्यासारखा, आणि त्यानंच तिला सायकलवर बसवून हाडं बसवणाऱ्याकडे नेलं, आणि वाटेत पाठमोरा, पायडल मारता मारता म्हणाला, धुण्याच्या दगडावर घसरली म्हणायचं. शेवाळं होतं म्हणायचं. हातात बादली होती, हे तिचं तिनं घातलं. तेवढंच त्या गोष्टीतलं तिचं.

सासूनं हळद बांधली आणि म्हणाली, बाईमाणसानं जपून चालावं. तिला ठाऊक होतं. आईनं विचारलं नाही, म्हणजे तिलाही ठाऊक असणार. सुनील सहा वर्षांचा होता, शाळेत गेलेला. तो मोठा झाला, नोकरीला लागला, आणि पहिल्या दिवाळीला त्यानं काय केलं – माणूस लावून तो दगड उपटून टाकला, तिथं खरखरीत फरशीचा ओटा बांधून घेतला. आई, आता नाही घसरायचीस! केवढा खूश होता. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून ठेवला, बराच वेळ. बिनगुन्ह्याचा दगड गेला. हा माणूस ओट्यावर बसून लाडू खात होता.

तिला दुसरं काही नको होतं. माफी नको होती, माफीचं काय करायचं असतं तेही तिला माहीत नव्हतं. त्यानं एकदा म्हणायला हवं होतं – मी मोडला. दोनच शब्द. कोणासमोर नको, तिच्यासमोर. सासू गेली, आई गेली, ही गोष्ट आता जगात दोघांनाच ठाऊक, आणि त्यातला एक विसरून गेला तर मग ती एकटीच उरणार आणि एकटीला ठाऊक असलेल्या गोष्टीचं काय खरं? आणि खरं सांगायचं तर – हे ती मंगळवारपासून स्वतःशीसुद्धा पुरतं बोलली नव्हती – दगड तिला आता स्वच्छ दिसायला लागला होता. हिरवं, बुळबुळीत शेवाळं, कलंडलेली बादली, पायाखालून सटकलेली जमीन… इतक्यांदा सांगितलं की दिसायलाच लागलं. पाना मात्र दिसत नव्हता. त्याचा नुसता आवाज होता.

परत येताना अकराव्या पावलाला रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला. दोन ट्रॉल्या, वर ऊस, आणि पुढे डोकं उठवणारी कसली तरी गाणी, जमीन हादरवत. त्यात टँगो बुडाला आणि ते थांबले. नेहमीचंच. हंगाम सुरू झाल्यापासून दिवसातून दोनदा-तीनदा असं व्हायचं. ट्रॅक्टर गेला की पेट्या परत ऐकू यायच्या आणि पाय परत सुटायचे.

ट्रॅक्टर गेला. मळीचा आंबूस वास मागे राहिला. पेट्या ऐकू आल्या. आणि राहीबाईनं त्यांचा तोल एकदा नीट बघून घेतला, हात सोडवला, ओट्यापाशी गेली आणि गाणं बंद केलं.

हे ती पहिल्यांदाच करत नव्हती. रविवारी केलं होतं. का, ते तेव्हा कळलं नव्हतं. बंद केलं आणि ओट्यावर बसून राहिली, आणि तो उंच माणूस उन्हात उभा, पाय जमिनीत रुतलेले, हात कापताहेत, तोंडावर माशी. दूध उतू यायला लागतो तेवढा वेळ. तिला गोड वाटलं होतं. खोटं कशाला बोला – जिभेवर गूळ ठेवल्यासारखं गोड वाटलं होतं. आणि मग कुंपणापलीकडे आक्काबाईची चाहूल लागली आणि ती धडपडत उठली, गाणं लावलं, त्यांच्या तोंडावरची माशी पदरानं हाकलली. रात्री जेवण गेलं नव्हतं तिला.

आज ती बसली नाही. परत त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि उजवा हात वर धरला. तळवा अर्ध्यावर अडलेला.

"हात बघा ह्यो," ती म्हणाली. "कसा मोडला, सांगा."

त्यांनी पाहिलं. आवाज आता खोल विहिरीतून आल्यासारखा यायचा. "घसरलीस," ते म्हणाले.

"न्हाई."

"दगडावर. शेवाळं हुतं." थांबले. शब्द शोधत होते. "लई रडलीस. म्या… सायकलवर नेलं तुला. व्हय ना?"

ती त्यांच्या डोळ्यांत बघत राहिली. तिला ती जुनी लबाडी हवी होती. खोटं बोलताना हा माणूस डावा डोळा बारीक करायचा, लोकांसमोर, सासूसमोर, पाहुण्यांसमोर, आणि तेवढ्या बारीक डोळ्यात त्या दोघांचं गुपित असायचं – तुला ठाऊक, मला ठाऊक. डोळा मोठाच होता. त्यात पाणी होतं. रडणं खरं होतं, सायकल खरी होती, सगळं जागच्या जागी होतं, फक्त एक वस्तू त्यानं तिथून उचलली होती आणि तिच्या जागी दगड ठेवला होता, आणि आता त्यालाही दगडच दिसत होता. तो केव्हाच सुटून गेला होता. न सांगता, मागे दार लोटून. आणि मी? मी कोणाला धरून बसले इतकी वर्षं?

तिच्या छातीतून काहीतरी वर आलं, आणि तिचाच आवाज तिला परक्यासारखा ऐकू आला.

"मी घसरले न्हवते! मारलं हुतं मला. पान्यानं. हात मोडंस्तवर मारलं हुतं."

'तुमी' हा शब्द होता तोंडात, पण जुन्या भीतीनं तो ऐनवेळी गिळला गेला. बाकीचं बाहेर पडलं. कुंपणापलीकडे आक्काबाई ऐकत असली तर असू दे.  आता काही होईल, असं राहीबाईला वाटलं. चेहरा फुटेल, आतला माणूस वर येईल, निदान एकदा, निदान चोरासारखा…

चेहरा हलला नाही. पण तिच्या हातातला हात – तो कधी तिनं परत धरला होता? – एकाएकी घट्ट झाला.

"कोनी?" ते म्हणाले.

पकड आणखी आवळली.

"कोनी मारलं तुला?" आवाज विहिरीतून वर येत होता, पायरी पायरी चढत. "कोन हुता त्यो? नाव सांग. राहे, नाव सांग त्येचं!"

हा आवाज तिला ठाऊक होता. सगळ्या अंगाला ठाऊक होता. फोरमनची गाडी वळणाआड गेल्यावर हाच आवाज आला होता, तेव्हाही असाच खालून चढत आला होता. तिचा डावा हात आपोआप तोंड झाकायला वर गेला. पण आवाज तिच्यावर येत नव्हता. तो तिच्या बाजूनं, तिच्या खांद्यावरून पलीकडे चालला होता, फाटकाबाहेर, रस्त्यावर, कुठल्या तरी माणसाला शोधत. ते निघायला बघत होते. पाय उचलत नव्हते, नुसतं वरचं अंग पुढे झुकत होतं, आणि ते सगळं वजन, एवढ्या उंच माणसाचं, तिच्या अंगावर आणि त्या वाकड्या मनगटावर आलं, आणि ती ते पेलून उभी राहिली.

"सांग नाव!"

ते नाव तिनं आयुष्यात तीनदा घेतलं होतं, तिन्ही वेळा उखाण्यात, दार अडवून उभ्या राहिलेल्या बायांनी घ्यायला लावलं म्हणून. एरवी दवाखान्यात कोणी पेशंटचं नाव विचारलं तरी ती फाईल पुढे करायची. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. आता ते नाव दातांमागे येऊन उभं होतं. चार अक्षरं. म्हटलं की झालं. तिला हवं होतं ते याहून सरळ तिला कधीच मिळणार नव्हतं – त्याच्याच तोंडावर, त्यानंच विचारलेलं. तिनं तोंड उघडलं.

त्यांचा श्वास तिच्या कपाळावर जोरजोरात येत होता. सासूनं हळद बांधली होती. आईनं मान फिरवली होती. पोरानं दगड उपटला होता. कळवळा सगळ्यांना आला होता, ज्याच्या त्याच्या परीनं, पण त्या हातासाठी चिडलं कोणीच नव्हतं. अठ्ठावीस वर्षांत कोणीही नाही. हा पहिला. आणि हा असा चिडला होता की पाय चालते तर त्या माणसाचा आज जीव घेतला असता.

नाव सांगितलं की हा राग इथंच विझणार होता. राहीबाई तोंड उघडं ठेवून, त्यांचा भार पेलत उभी राहिली, आणि तिला तो राग अजून थोडा वेळ हवा होता.